यमुनाबाईची लाल गाठ

यमुनाबाई माशांचा दाणा खायची.

चोरून नाही, भुकेनं नाही, कुणाला दाखवायला म्हणून तर मुळीच नाही. पोत्यातून चार दाणे घ्यायची. त्यातला एक पुढच्या दातांखाली धरून कट्‌कन फोडायची आणि आवाज कसा येतो ते मान वाकडी करून ऐकायची. मग वर पत्र्याकडे बघत चावत राहायची. ती चावत असताना गोदामात तिच्याशी कुणी बोलत नसे. शेवटी बाजूला थुंकून, लोट्यातल्या पाण्यानं चूळ भरून म्हणायची, "जाऊ द्या." नाहीतर म्हणायची, "थांबवा."

हे मी पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी माझ्या अंगावर कडक इस्त्रीचा पांढरा कोट होता. खिशावर मी माझ्याच हातानं निळ्या दोऱ्यानं माझं नाव भरलं होतं आणि त्याखाली 'केमिस्ट'. सिंदेवाहीहून मूलकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्या एवढ्याशा मिलमध्ये दुसरी केमिस्ट नव्हती, तेव्हा माझी कुणाशी अदलाबदल होण्याची भीती नव्हती. तरी भरलं होतं. वय चव्वेचाळीस, वरोऱ्याच्या कॉलेजात प्रयोगशाळेत पोरांना परीक्षानळ्या वाटण्याचा दांडगा अनुभव, आणि नाकाजवळ सेंटचा रुमाल, कारण मिलमध्ये सुकटीचा वास यायचा. आता नात विचारते, "आजी, तू तिथे काय होतीस गं?" मी सांगते, "कोट होते बाळा. आत बाई होती की नाही, ते नंतर कळलं."

तर त्या कोटाला वाटलं, ही बिचारी म्हातारी उपाशी आहे, माशांचं खाणं खाते आहे. माझं काळीज भरून आलं. मी डब्यातला चिवडा कागदावर काढला आणि फार मोठ्या मनानं तिच्यापुढे धरला. तिनं घेतला. तसाच वर बघत सगळा चावून खाल्ला आणि म्हणाली,

"तेल जुनं हाये, मॅडम."

मागे पोती शिवणाऱ्या बायका फिस्सकन हसल्या. ती म्हातारीही नव्हती. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. आणि तेल खरंच जुनं होतं. दिवाळीच्या चकल्या तळून उरलेलं.

मिल राजूभाऊंची. आधी त्यांची नुसती धानाची मिल होती. कोंडा पडून राहायचा, आणि आजूबाजूला मालगुजारांच्या काळातले मामा तलाव, गावागावाच्या मच्छीमार सोसायट्या, रोहू-कतल्याचं बीज सोडणाऱ्या. राजूभाऊंनी विचार केला, कोंडा आपला, मासे यांचे, मग दाणा बाहेरून का यावा? तेल काढलेला कोंडा, सोयाबीनची ढेप, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, शेंगदाण्याची ढेप, मका, दळलेली सुकट, असं सगळं दळून, कालवून, वाफेवर शिजवून, यंत्रातून दाबून तरंगता दाणा काढायचा. माणूस वाईट नव्हता. घाईचा होता.

यमुनाबाई कोसमबोडीची. मिलपासून सायकलच्या वाटेवरचं, मासेमार ढिवरांचं गाव. आधी ती डोक्यावर टोपलं घेऊन दारोदार मासे विकायची. गुडघे गेले म्हणून मिलमध्ये चाळणीवर आली. तिचं काम आलेला माल चाळायचं, एवढंच. चाखायचं तिला कुणीच सांगितलं नव्हतं. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "मासा बोलत नाई जी. पोटात दुखलं तं कोनाले सांगन थो? म्हून आदी आपून खाऊन पाहावं."

तिच्या जिभेला काय काय कळायचं! सुकटीत वजन वाढवायला रेती मिसळलेली असली तर ती डोळे मिटून पोतं सांगायची. दाणा नीट वाळला नसेल तर फुटताना 'कट्' ऐवजी 'पच्' वाजतो, आणि असा दाणा पावसाळ्यात पोत्यातच बुरशी धरतो, हे तिनं मला शिकवलं. म्हणजे सांगितलं. शिकायला मी तयार नव्हते. माझ्याकडे ओलावा मोजायचं यंत्र होतं.

दाणा पाण्यात किती वेळ टिकतो, तेही बघावं लागतं. मी काचेच्या भांड्यात बोअरचं गार पाणी घेऊन, घड्याळ लावून बसायचे. माझा दाणा ऐटीत तरंगायचा. ती लोट्यात तलावाचं पाणी आणायची, तो लोटा उन्हात ठेवायची आणि पाणी कोमट झालं की त्यात दाणे टाकायची. पाच मिनिटांत चिखल.

"तुमच्या पान्यात चांगलं राह्यते, मॅडम," ती म्हणायची. "पन त्या पान्यात मासे कुठी हाये?"

एक दिवस तिनं मला सेंट लावून येऊ नका म्हणून सांगितलं. मी तीन दिवस तिच्याशी बोलले नाही. चौथ्या दिवशी तिनं निरोप पाठवला, की मॅडम बोलल्या नाहीत तरी चालेल, पण रुमाल घरी ठेवला हे फार बरं झालं, दोन दिवसांपासून ढेपीचा वास लागून राह्यला आहे. रुमाल मी रागानं ठेवला होता. मान तिला मिळाला.

आता त्या गाठीबद्दल सांगते, कारण तेच सांगायला बसले आहे.

पोत्याचं तोंड यंत्रावर पांढऱ्या दोऱ्यानं शिवलं जायचं. यमुनाबाईनं "जाऊ द्या" म्हटलेल्या घाण्याची पोती निघाली की ती जुन्या जाळ्याचा लाल नायलॉनचा धागा घ्यायची आणि शिवणीच्या टोकाला एक लहानशी गाठ मारायची. प्रत्येक पोत्याला. हेही तिला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा कोसमबोडीच्या सोसायटीनं दाणा घेतला तेव्हा त्यांना मिलवर भरवसा नव्हता, म्हणून ती म्हणाली होती, "मी चाखलेलं पोतं मी बांधीन. गाठ दिसली तं उतरवा, नाई दिसली तं नोका उतरवू." ते कोसमबोडीतून शेजारच्या गावांत गेलं. पुढे पुढे सोसायट्यांची माणसं ट्रॅक्टरवर चढून आधी लाल गाठ बघायची. पोत्यावर छापलेले माझे आकडे, प्रथिनं इतकी, स्निग्ध इतकं, कुणी वाचलेले मला आठवत नाहीत. मला त्याचं वाईट वाटायचं. खोटं कशाला बोलू, जळायचे मी.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला सोयाबीनची ढेप आली. नवा व्यापारी, बाहेरगावचा. मी नमुना तपासला आणि खुर्चीतच उडाले. इतकी प्रथिनं मी कुठल्याच ढेपीत पाहिली नव्हती. दोनदा तपासलं, तेच. मी राजूभाऊंकडे धावत गेले, आणि व्यापाऱ्याचा जो माणूस आला होता त्याला माझ्या डब्यातला बेसनाचा लाडू खाऊ घातला. ते आता आठवलं की मला माझ्याच तोंडात मारावंसं वाटतं.

परत आले तर ढेपीच्या थप्पीवर यमुनाबाईनं चाळणी उपडी घातलेली. म्हणजे थांबवा.

"काय झालं?"

"तोंड थंड पडते जी."

"म्हणजे?"

"कडू हाये थोडकसं. पन कडूचं काई नाई. जिभेवर ठेवलं का गार लागते. ढेप गार काऊन लागन?"

मी हसले. चार बायकांसमोर म्हटलं, "पेपरमिंट घातली असेल त्यांनी. पुढच्या वेळी विडाच करून देतील."

बायका हसल्या नाहीत. यमुनाबाईही रागावली नाही. नुसतं म्हणाली, "मिशीन काय म्हनते?"

"मशीन म्हणतं, एक नंबर."

"मिशीनले पुना इच्यारा."

आता माझं शहाणपण ऐका. प्रथिनं मोजायचं आमचं यंत्र प्रथिनं मोजतच नाही. ते नत्र मोजतं, आणि त्याला एका आकड्यानं गुणलं की आपण म्हणायचं, इतकी प्रथिनं. ते नत्र सोयाबीनमधून आलं की शेतात टाकायच्या युरियामधून, हे यंत्राला कळत नाही. युरिया म्हणजे तर जवळपास निम्मं नत्रच. हलक्या ढेपीत दोन मुठी युरिया कालवा, आकडा आकाशात. आणि युरिया ओला झाला की गार पडतो. जिभेवर ठेवा, जीभ गार. हे सगळं मला येत होतं. वरोऱ्याला मी हे फळ्यावर लिहून पोरांना समजावलेलं होतं, आकृतीसकट. पण तिथं मी खडू हातात घेऊन उभी होते. इथं अंगात कोट होता, आणि समोर एक चाळणीवाली बाई मला चूक म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी यमुनाबाई सिरोंच्याला गेली. तिची मुलगी तिकडे दिलेली, पहिलं बाळंतपण. जाताना मला म्हणाली, "जवाई तेलगू बोलते, मले एक शब्द समजत नाई. पन भात चांगला शिजवते." मग थप्पीकडे बोट दाखवून, "थे वापस करा, मॅडम." मी मान हलवली.

ती गेल्यावर राजूभाऊ आले. कोसमबोडीच्या सोसायटीला वर्षाचा सगळा दाणा एकदम द्यायचा होता, बीज सोडून झालेलं, आणि दुसरी ढेप हाताशी नव्हती. "मॅडम, तुमी सांगा. ढेप चांगली हाये का नाई?"

मी म्हटलं, "माझ्या रिपोर्टप्रमाणे उत्तम आहे." चाळणी मीच उचलून भिंतीला टांगली.

दाणा निघाला. गोल, एकसारखा, तरंगणारा. पोती भरली, शिवली. मग राजूभाऊंनी डोकं खाजवलं. "पन गाठ?"

गाठ नसली तर कोसमबोडीवाले ट्रॅक्टर परत लावणार, हे दोघांनाही माहीत होतं. आणि हे कोणी करायला सांगितलं नाही, हेही सांगून टाकते. राजूभाऊ नुसते उभे होते. मीच म्हणाले, "त्यात काय एवढं? धागाच तर आहे." यमुनाबाईच्या चाळणीमागच्या डब्यातून लाल धागा काढला, आणि ती सगळी दुपार मी पोत्यांना गाठी मारल्या. लहानपणी वेण्यांना रिबिनी बांधायची ना आई, तशा. शेवटी तर हात इतका बसला की मी गाणं गुणगुणत होते.

तीन आठवड्यांनी यमुनाबाई आली. नातू झाला होता, तिनं सगळ्यांना गूळ वाटला. माझ्या हातावर गूळ ठेवताना विचारलं,

"थे ढेप गेली का वापस?"

"हो, गेली," मी म्हटलं.

गूळ तोंडात होता.

तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. ठेवणारच. तिच्या लेखी मी गर्विष्ठ होते, बहिरी होते, पण खोटारडी नव्हते. गावात कुणीतरी विचारलं असेल, यंदाचा दाणा कसा, तर तिनं चांगलंच सांगितलं असणार.

त्या दाण्यानं मासे मेले नाहीत. मेले असते तर पंधरा दिवसांत कळलं असतं. ते नुसते वाढले नाहीत. दाणा खायचे, पण अंगी लागायला त्यात काही नव्हतंच. तलावाचं पाणी मात्र हिरवंगार, घट्ट झालं. लोकांना वाटलं, उन्हानं. पुढे हिवाळा सरता सरता तलावात मोठं जाळं लागलं तेव्हा अख्खं गाव काठावर होतं. जाळं ओढलं, आणि त्यात आले ते मासे डोक्यानं मोठे, अंगानं सुरीसारखे. वर्षभर पोसलेला रोहू, आणि उचलला की डोक्याकडूनच झुकायचा. एका गावाचं एक वर्ष त्या जाळ्यात तसं पडलेलं होतं.

चौथ्या-पाचव्या दिवशी कोसमबोडीची सात-आठ माणसं मिलवर आली. पुढे सोसायटीचे अध्यक्ष सुखदेवभाऊ, यमुनाबाईचे चुलतदीर. भांडायला आल्यासारखी कुणी आली नव्हती. तेच फार वाईट होतं. सुखदेवभाऊंच्या हातात रिकाम्या पोत्याचा कापलेला वरचा पट्टा होता. गोदामातल्या एका पोत्यावर त्यांनी तो ठेवला.

"वयनी, हे त्याच दान्याचं पोतं हाये. मासं तं तुमीनं पाह्यलंच. आमाले येवढंच सांगा. हे गाठ तुमची हाये का?"

यमुनाबाईनं पट्टा हातात घेतला. मी चार पावलांवर उभी होते, कोटाच्या खिशात हात घालून. तिनं गाठीवरून अंगठा फिरवला. एकदाच. मग मान वर केली आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. राजूभाऊ खाली बघत होते.

मला बोलायचं होतं. हे मी इतक्या वेळा स्वतःला सांगितलं आहे की आता ते खरं आहे की नाही, तेच कळत नाही. एवढं नक्की, की मी बोलले नाही.

"माजीच हाये," यमुनाबाई म्हणाली.

"तुमीनं चाखला होता हा दाना?"

"हो. चुकली मी."

सुखदेवभाऊ आणखी काही विचारतील असं वाटलं. त्यांनी विचारलं नाही. सगळे निघाले. शेवटचा माणूस फाटकातून बाहेर पडेपर्यंत ती उभी होती, मग तिनं पट्टा घडी करून कमरेला खोचला आणि चाळायला बसली.

सगळ्या बायका गेल्यावर मी तिच्यापाशी गेले. "का असं बोललात तुम्ही?"

"तुमची नौकरी गेली असती तं नवी मॅडम आली असती," ती म्हणाली. "तिले पयल्यापासून शिकवा लागलं असतं. माह्यानं नाई होत आता."

मला रडू फुटलं. ती चाळत राहिली. चाळणीचा आवाज आणि माझा, दोन्ही चालू. थोड्या वेळानं म्हणाली, "मी जर म्हनली असती का हे गाठ माजी नाई, तं मंग कोन्ती माजी होती? सगळ्याच गाठी गेल्या असत्या. मिलमंदी चवदा बाया हाये आमच्या इकडच्या. मिलवर कोनी येनारच नाई, तं त्या कुठी जातीन?" मग चाळणी थांबवून, "तुमी मले सांगितल्या का ढेप वापस गेली. थे मातर मले लागलं."

त्यानंतर तिनं गाठ बांधली नाही. कधीच. दाणाही चाखला नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी आली, पदराच्या टोकाला बांधलेली पुडी सोडली. आत शेतात टाकायचा युरिया, पाच-सहा पांढरे दाणे. "एक ठेवा जिभेवर. गिळू नोका." मी ठेवला. कडवट, आणि मग जिभेवर कोणी गार पाण्याचा थेंब टेकवावा तसं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, जशी वर पत्र्याकडे बघायची.

"समजलं?"

"समजलं."

"थुका आता. उद्यापासून तुमीच चाखा."

पुढची दोन वर्षं मी चाखलं. रेती कळायला लागली, बुरशी कळायला लागली, सुकट किती जुनी तेही कळायला लागलं. युरियाची ढेप पुन्हा एकदा आली होती, तेव्हा मशीनकडे न जाता मी ती परत पाठवली. हे सांगताना मला अजून थोडा अभिमान वाटतो, आणि मग मी स्वतःला विचारते, कशाचा गं? कोसमबोडीनं दाणा घेणं बंद केलं होतं. हळूहळू दुसऱ्या गावांनीही. मोठ्या कंपन्यांची चकचकीत पोती तालुक्याच्या दुकानात यायला लागली. राजूभाऊंनी दाण्याची यंत्रं विकली, पुन्हा नुसता तांदूळ काढायला लागले. मी मुलाकडे नागपूरला गेले. निघताना यमुनाबाईच्या घरी जाऊन यायचं ठरवलं होतं. सामान बांधण्यात राहून गेलं, असं मी सगळ्यांना सांगितलं. सामान दोन पेट्या होतं.

मधे बारा-तेरा वर्षं गेली. यंदा हिवाळ्यात चंद्रपूरला एका लग्नाला गेले, आणि दुसऱ्या दिवशी कुणाला काही न सांगता भाड्याची गाडी केली. रस्त्यावर सूरजागडच्या खाणीतून लोखंड नेणाऱ्या ट्रकांची रांग, सगळी झाडं लाल धुळीनं माखलेली. गाडीवाला म्हणाला, "कोसमबोडीत तुमचं कोन हाये, मावशी?" मी म्हटलं, "कुणी नाही." तो आरशातून माझ्याकडे बघत राहिला.

तलावाच्या पाळीवर मोहाच्या झाडाखाली सुखदेवभाऊ जाळं विणत बसले होते. केस पांढरे झालेले, बाकी तेच. आजूबाजूला तीन-चार माणसं. खाली पाण्याच्या कडेला काही सुना पोती घेऊन उभ्या होत्या, आणि त्यांच्यापासून थोडी दूर यमुनाबाई. वाळलेली, काठी टेकलेली. तिनं मला ओळखलं. "अव बाप्पा, मॅडम! कोट कुठी हाये?" म्हणाली आणि हसली. मग पाळीवर चढून आली. चढताना मी हात दिला नाही. तिनं घेतला नसता.

मी बसले नाही. बसले असते तर चहा आला असता, चहा आला असता तर मी पुन्हा काहीतरी दुसरंच बोलले असते. उभ्यानंच सुखदेवभाऊंना सगळं सांगितलं. ढेप, युरिया, चाळणी मी काढली, गाठी मी मारल्या, यमुनाबाई तेव्हा सिरोंच्यात होती, आणि मी तिला खोटं सांगितलं. सगळं सांगून झालं तरी सुखदेवभाऊंचे हात थांबले नव्हते. जाळ्याचा एक डोळा पुरा करून, गाठ ओढून त्यांनी ती मला दाखवली.

"हे पाहा मॅडम. हे आमची गाठ. लहान लेकरूबी आमच्या घरी हेच बांधते. वयनी हेच बांधे. तुमीनं बांधली होती थे पोरीच्या रिबिनीची."

जाळी विणणाऱ्या गावापुढे मी रिबिनीची गाठ ठेवली होती.

"म्हणजे तुम्हाला..."

"पोतं उतरवलं तवाच दिसलं. आमाले वाटलं, वयनी पोरीकडे गेली, तिनं कोनाले तरी सांगून बांधून घेतली असन. मासं असं निंगालं, तवा इच्यारायले आलो. थे म्हनली असती, माजी नाई, तं तिथंच मिटलं असतं आमच्यासाठी. पन थे म्हनली, माजीच हाये." सुखदेवभाऊंनी सुई जाळ्यात खोचली. "दाना खराब निंगाला, होते. पन वयनी आमच्या तोंडावर खोटं बोलली. कोनासाठी बोलली थेबी समजलं. मंग आमी समजलो का आता वयनी मिलची झाली. गावची नाई राह्यली."

मी यमुनाबाईकडे वळले. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. तिनं अंगठा फिरवला तेव्हाच तिला कळलं होतं की ही गाठ त्यांनीही ओळखली आहे. तिचं बोलणं कुणाला खरं वाटणार नव्हतं, हे माहीत असून ती बोलली होती. तिचं खोटं तिथं पचलं, असं समजणारी त्या गोदामात मी एकटीच होते.

"काऊन आल्या येवढ्या दूर?" ती मला म्हणाली. रागानं नाही. थकून.

सुखदेवभाऊ तिच्याकडे बघून म्हणाले, "वयनी, आता मॅडमनं सांगितलं तं..." त्यांनी जाळं पुन्हा मांडीवर ओढलं. तिनंही वाट पाहिली नाही. काठी टेकत खाली पाण्याकडे गेली.

तिथं सुना दाणा भरत होत्या. आता तिकडे भोकं पाडलेल्या पोत्यांत दाणा भरून बांबूला टांगतात, मासे येऊन लुचून लुचून खातात. एका सुनेनं विळ्यानं नवं पोतं फाडलं. पाळीवर उभ्या माझ्याही नाकात वास आला, कुबट, ओल्या भिंतीसारखा. मी सुखदेवभाऊंना म्हटलं, "दाणा जुना झाला आहे. बुरशी आहे त्यात."

"कंपनीचा हाये, मॅडम. तपासल्याचा शिक्का हाये वरतं."

यमुनाबाईला तो वास माझ्याआधी लागला होता. ती पोत्यापासून दोन हातांवर उभी होती, मान थोडी वाकडी. तिचे ओठ हलले. सून दाणा ओतत होती, आणि ढेकळं हातानं फोडून आत ढकलत होती.

"आत्या, जराक बाजूले व्हा," सून म्हणाली. "पाय वल्ले होतीन तुमचे."

यमुनाबाई बाजूला झाली.